घड्याळांच्या मुलखात : जिनिव्हा ते ल लोक्ल

गुरुवार : लोझान ते जिनिव्हा

दादा नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये लोझानला असतो, त्यामुळे राहण्या-जेवण्याची काळजी नव्हती. अडचण एवढीच की त्याला सुट्टी नव्हती आणि वहिनींना डोंगर बघायचे नव्हते. "पाहुणे आले की युंगफ्राऊ ठरलेलंच असतं, भावजी. या खेपेला घड्याळं बघू," असं त्यांनीच जाहीर केलं. वहिनींचं माहेर कोल्हापूरचं, गुजरीत जडावकामाचा धंदा, भाऊ आजही त्यातच. मी घड्याळवेडा आणि त्या खड्यांच्या जाणकार. त्यामुळे एकाच कपाटापुढे उभं राहून आम्ही दोघं वेगवेगळ्या वस्तू बघत होतो आणि त्यावरून वाद घालत होतो.

लोझानहून जिनिव्हाला जाताना वाटेत न्यों लागतं. स्टेशनातून काही दिसत नाही, पण वरच्या चढावर द्युइये नावाचं लहानसं गाव आहे. निकोला फातिओ द द्युइये हा गणिती तिथल्या घराण्यातला, न्यूटनचा मित्र. 1704 मध्ये लंडनला दबोफ्र बंधूंबरोबर त्याने एक पेटंट घेतलं. माणकासारख्या कठीण खड्याला बारीक भोक पाडायचं आणि घड्याळाच्या चक्राचा आस त्या भोकात फिरवायचा. पितळेत पोलाद घासलं की भोक मोठं होत जातं आणि घड्याळ बिघडतं. माणिक झिजत नाही, गुळगुळीत राहतं आणि तेलाचा थेंब धरून ठेवतं. आपल्या एचएमटीच्या तबकडीवर '17 ज्वेल्स' लिहिलेलं असायचं, ते हेच. लहानपणी मला वाटायचं की आत कुठेतरी हिरे दडवलेत.

"मग ते माणिक काढून विकलं तर?" वहिनींनी विचारलं. काही मिळणार नाही. ऑग्युस्त व्हेर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये भट्टीत माणिक बनवायची रीत जाहीर केली, तेव्हापासून घड्याळातलं माणिक कारखान्यातलंच. "म्हणजे कामाचा खडा आत आणि मानाचा बाहेर," वहिनी म्हणाल्या आणि पिशवीतला चिवडा काढला.

जिनिव्हाला उतरून आम्ही आधी सँ-झेर्व्हे भागात गेलो. रोन नदीच्या उजव्या काठाची ही जुनी कारागिरांची वस्ती. आज तिथे दुकानं आणि बँका आहेत, जुन्याचं फारसं काही उरलेलं नाही. पण अठराव्या शतकात इथल्या घरांच्या सगळ्यात वरच्या मजल्यांवर, छपराखाली, खिडकीला टेबल लावून घड्याळाचे कारागीर बसत. उजेडासाठी वर. त्या खोलीला 'काबिने' म्हणत, म्हणून कारागीर 'काबिनोतिये'. एक जण चक्रं कापणार, एक केस घडवणार, एक कोरणार, एक मिना चढवणार. गिऱ्हाइकाला ज्याचं नाव दिसे त्याने बहुतेक वेळा फक्त शेवटची जुळणी केलेली असे.

विचारवंत रूसो हा याच शहरातल्या एका घड्याळजीचा मुलगा. त्याचे वडील कॉन्स्टँटिनोपलला सुलतानाच्या राजवाड्यातल्या घड्याळांची देखभाल करायला गेले होते आणि ते परत आल्यावर, 1712 मध्ये, रूसोचा जन्म झाला. सुलतानाला घड्याळ विकून भागत नसे, त्याबरोबर माणूसही पाठवावा लागे.

या धंद्याची सुरुवात मात्र चैनीच्या विरोधातून झाली. सोळाव्या शतकात जिनिव्हावर धर्मसुधारक कॅल्व्हिनचा अंमल होता आणि त्याला दागिने मंजूर नव्हते. सोनारांचा धंदा बसायची वेळ आली. नेमके त्याच सुमारास फ्रान्समधून छळाला कंटाळून प्रॉटेस्टंट निर्वासित येत होते आणि त्यांच्यात घड्याळजी होते. घड्याळ ही उपयोगाची वस्तू, तिला बंदी कशी घालणार? सोनारांनी हातातलं सगळं कसब घड्याळाच्या डबीवर उतरवलं. 1601 मध्ये इथे घड्याळजींचा संघ झाला. अंगठी घालायची नाही, पण अंगठीइतकंच नटलेलं घड्याळ खिशात ठेवायला हरकत नाही! वहिनींना हे फार आवडलं. धर्माची बंदी आणि सोनाराची पळवाट हा प्रकार त्यांना नवा नव्हता.

संध्याकाळी र्यू द्यू रोन या रस्त्यावरची दुकानं बाहेरूनच पाहिली. आत जायची हिंमत माझ्या बुटांना नव्हती. एका काचेत मनगटी घड्याळाचा पट्टा आहे की हिऱ्यांची पट्टी आहे ते कळेना, आणि वेळ बघायची जागा मटारच्या दाण्याएवढी. यावरून व्हाशेरॉन कॉन्स्टँटिन या घड्याळ कंपनीच्या 'कलिस्ता'ची गोष्ट मी वहिनींना सांगितली. 1979 सालचं हे घड्याळ एक किलो सोन्याच्या लगडीतून कोरून काढलेलं, वर 118 चौकोनी पैलूंचे हिरे. वहिनींचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. "118 हिरे एका रंगाचे, एका पाण्याचे मिळवायलाच किती वर्षं लागली असतील?" म्हणाल्या. जडावकामात बसवणं शेवटी येतं, त्याआधी जुळवणं असतं.

सरोवराकाठचं फुलांचं घड्याळ 1955 चं. पर्यटकांची गर्दी. फोटो काढला आणि निघालो.

शुक्रवार : जिनिव्हा, पाटेक फिलिप संग्रहालय

हे संग्रहालय दुपारी दोनला उघडतं, म्हणून सकाळ दादाच्या स्वयंपाकघरात थालीपीठं लावण्यात गेली. प्लँपाले भागातली साधीशी इमारत, पूर्वी इथे दागिन्यांचा कारखाना होता. 2001 मध्ये संग्रहालय सुरू झालं. फोटो काढायला सक्त मनाई होती. सुरुवातीला राग आला, पण नंतर बरंच वाटलं, कारण मग बघावंच लागतं.

पाटेक फिलिपची स्वतःची घड्याळं एकीकडे आणि सोळाव्या शतकापासूनचा जुना संग्रह दुसरीकडे. आमची दुपार जवळजवळ सगळी जुन्या संग्रहात गेली. सुरुवातीची घड्याळं जाडजूड, एकच काटा असलेली. मिनिटाचा काटा नाही, कारण त्याचा उपयोगच नव्हता. 1675 मध्ये हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने बॅलन्सला, म्हणजे घड्याळात मागेपुढे झुलणाऱ्या चक्राला, केसासारखी बारीक कमान जोडली, त्याआधीचं घड्याळ दिवसात अर्धा तास सहज मागेपुढे होई. वेळ धड सांगत नाही, मग राजेरजवाडे ते घेत कशाला होते? दागिना म्हणून! स्फटिक कोरून केलेली ट्यूलिपची कळी, क्रूस, कवटी, अशा आकारांत घड्याळ बसवायचं आणि गळ्यात घालायचं. पाचूचंही एक आहे, ते इथे नाही. 1912 मध्ये लंडनच्या चीपसाइड भागात एका जुन्या तळघराखाली पुरलेला दागिन्यांचा साठा मजुरांना सापडला. त्यात कोलंबियाच्या एका मोठ्या षटकोनी पाचूला पोखरून आत घड्याळ बसवलेलं होतं, साधारण 1600 सालचं. "पाचू पोखरला?" वहिनी अविश्वासाने म्हणाल्या. "भावजी, पाचू नुसता दाबला तरी तडकतो. त्यात जन्मतःच भेगा असतात. हिरा पोखरला म्हणालात तर एक वेळ विश्वास ठेवीन."

पुढच्या दालनात मिनाकाम होतं आणि तिथून मी तासभर हललो नाही. बोटाच्या दोन पेरांएवढ्या झाकणावर अख्खं तैलचित्र असावं तसा प्रसंग रंगवलेला : स्त्रिया, मुलं, झाडं, आभाळ, वस्त्रांच्या चुण्या. फ्रान्समधल्या शातोदँच्या जाँ तूतँ या सोनाराने 1630 च्या सुमारास ही रीत बसवली असं मानतात. त्याआधीचं मिनाकाम म्हणजे बहुतेक वेळा सोन्यात खाचा पाडून त्यात रंग भरणं, आपल्याकडे जयपूरला करतात तसं. तूतँच्या रीतीत पत्र्यावर आधी पांढरा मिना भाजायचा आणि त्या पांढऱ्यावर कागदावर काढावं तसं चित्र काढायचं. जिनिव्हाचा जाँ पेतितो यात इतका तरबेज झाला की इंग्लंडचा पहिला चार्ल्स आणि फ्रान्सचा चौदावा लुई, दोघांनी त्याच्याकडून कामं करून घेतली. पुढे जिनिव्हाच्याच युओ घराण्यातल्या भावांनी घड्याळाच्या डब्या रंगवण्यात नाव काढलं.

काम चालतं ते असं. सोन्याचा किंवा तांब्याचा पत्रा जरासा फुगीर ठोकायचा. त्याच्या मागच्या बाजूलाही मिना लावायचा, नाहीतर भाजताना पत्रा वाकतो आणि पुढचं चित्र तडकतं. रंग म्हणजे धातूंची भस्मं मिसळलेली काचेची पूड, तेलात खललेली. तीन-चार केसांच्या कुंचल्याने एक रंग लावायचा आणि साधारण 800 अंशांच्या भट्टीत मिनिटभर भाजायचं. बाहेर काढायचं, थंड करायचं, दुसरा रंग. ज्या रंगाला जास्त आच लागते तो आधी. अशा भाजण्या पंधरा-वीस होतात आणि अठराव्या भाजणीत तडा गेला तर आधीच्या सतरा वाया. शेवटी जिनिव्हाच्या कारागिरांची खासियत : सगळ्यावर पारदर्शक काचेचा थर, त्यालाही भाजायचं आणि मग घासून लख्ख करायचं. म्हणून ही चित्रं पाण्याखाली ठेवल्यासारखी दिसतात आणि साडेतीनशे वर्षांत निळा रंग जराही उतरलेला नाही.

इथे आमचं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं असं की घड्याळावरची खरी चैन मिना आहे, हिरे नव्हेत. हिरा कुठल्याही दागिन्यातून उपटून दुसऱ्यात बसवता येतो, आणि तेच होत आलंय. घराणं बुडालं, राज्य गेलं, नवी फॅशन आली की खडे निघाले आणि सोनं आटलं. मिन्याची मोड काहीच येत नाही, म्हणून तो टिकला. या दालनात जुनी, जशीच्या तशी राहिलेली घड्याळं बघा, बहुतेक मिन्याची आहेत.

"हे तुम्ही पुण्यात बसून बोलता," वहिनी म्हणाल्या. "अडीनडीला जो विकता येतो तोच दागिना. माझ्या आजीचे गोठ गेले म्हणून बाबांचं शिक्षण झालं. मिन्याचं झाकण घेऊन सावकाराकडे गेली असती तर त्यानं तिला चहा पाजून परत पाठवलं असतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. पण मत बदललेलं नाही.

चीनसाठी केलेल्या घड्याळांच्या कपाटाशी मात्र आमचं एकमत झालं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जिनिव्हा, लंडन आणि फ्लरिये या गावांतून कँटन बंदरात घड्याळं जात. चीनमध्ये भेटवस्तू जोडीने देण्याची रीत, म्हणून घड्याळंही जोडीने बनत. एकावरची बाई उजवीकडे बघत असेल तर दुसऱ्यावरची डावीकडे, आरशात धरावी तशी. कडेला मोत्यांची ओळ. वहिनींनी काचेला नाक लावलं. मोती अख्खे नाहीत, दुभागलेले आहेत, म्हणजे सपाट बाजू खाली जाते आणि घड्याळ खिशात अडकत नाही. जिथे मोत्यांची ओळ कडीशी येते तिथे मोती एकेक करून लहान होत गेलेत, इतके सावकाश की सहज बघणाऱ्याला कळू नये. दोन मोत्यांच्या मधल्या फटीत सोन्याचा कण उचलून तो मोत्यावर वाकवलेला आहे. "डिंक नाही, काही नाही. नुसत्या कणावर धरलंय," त्या म्हणाल्या आणि पुढची दहा मिनिटं त्या एकाच घड्याळापाशी होत्या. पहारेकरी दोनदा फिरून गेला.

तुर्कस्तानसाठी केलेल्या घड्याळांवर माणसं नाहीत, फुलं आहेत, बॉस्फरसचे देखावे आहेत आणि तबकडीवर तुर्की आकडे. गिऱ्हाईक जिथलं, चित्र तिथलं. मग एक पिस्तूल : मिन्याचं, मोत्यांचं, आणि चाप ओढला की नळीतून फूल उमलून अत्तर उडवणारं. यात घड्याळही आहे. हा निव्वळ चावटपणा आहे आणि तो इतक्या गंभीरपणे केलाय की हसावं की हात जोडावेत कळत नाही.

पाटेक फिलिपच्या स्वतःच्या दालनाला शेवटचा तासच उरला. संस्थापक अंतोनी पाटेक हा पोलंडचा निर्वासित, 1839 मध्ये त्याने चापेक नावाच्या भागीदाराबरोबर सुरुवात केली. पुढे फ्रेंच घड्याळजी आद्रियाँ फिलिप आला, किल्ली न लावता कडेची मूठ फिरवूनच चावी द्यायची सोय घेऊन. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीने घेतलेलं लटकन-घड्याळ इथे आहे, फिकट निळा मिना आणि त्यावर हिऱ्यांची फुलं. मला वाटलं त्यापेक्षा बरंच लहान. 1868 चं, एका हंगेरियन काउंटेससाठी केलेलं सोन्याचं कंकण-घड्याळही आहे. मनगटी घड्याळ हा तेव्हा बायकांचा दागिना, पुरुष खिशातलंच वापरत. पुरुषांच्या मनगटावर ते सर्रास आलं पहिल्या महायुद्धात, खंदकात खिशातून घड्याळ काढायला हात मोकळा नसायचा म्हणून.

बाहेर पडताना मी वहिनींना शेवटचा मुद्दा ऐकवला. लिलावात विकलेलं सगळ्यात महाग घड्याळ कुठलं? याच पाटेक फिलिपचं, 2019 च्या नोव्हेंबरमध्ये इथेच जिनिव्हाला, 3 कोटी 10 लाख फ्रँकना. आणि त्याची केस पोलादाची! एकही हिरा नाही. "विकणाऱ्यानं घेणाऱ्याला गंडवलं," वहिनींचा निकाल. पैसे एका दुर्धर स्नायुरोगाच्या संशोधनाला गेले हे सांगितल्यावर त्या जरा नरमल्या.

शनिवार : ला शो-द-फाँ

नूशातेलहून वर चढणारी गाडी शाँब्रेलियँ स्टेशनात शिरते, थांबते आणि उलट्या दिशेने निघते. इंजिन मागे, शेपूट पुढे. खंडाळ्याच्या घाटात पूर्वी अशीच उलटी होणारी गाडी होती, ते रिव्हर्सिंग स्टेशन 1929 मध्ये बंद झालं. इथे अजून चालू आहे आणि डब्यातल्या कोणी मान वर केली नाही.

ला शो-द-फाँ समुद्रसपाटीपासून हजार मीटर उंचीवर आहे. 1794 च्या आगीत गाव जळलं आणि नव्याने वसवताना सरळ, लांब, समांतर रस्ते आखले. इमारतींच्या ओळी अशा की प्रत्येक खोलीत ऊन यावं, कारण प्रत्येक खोलीत कोणीतरी घड्याळाचा एक तुकडा घडवत बसलेलं. कार्ल मार्क्सने या गावाला एकच मोठा कारखाना म्हटलं होतं. 2009 मध्ये शेजारच्या ल लोक्लसकट गाव जागतिक वारशाच्या यादीत आलं. दिसायला सुंदर नाही. पावसात तर उदास दिसतं आणि आम्ही गेलो तेव्हा पाऊस होता.

घड्याळांचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय जमिनीखाली आहे, 1974 मध्ये बांधलेलं. बाहेर पोलादी नळ्यांचा भलामोठा घंटावाद्याचा मनोरा दर पंधरा मिनिटांनी वाजतो. आत सूर्यघड्याळापासून अणुघड्याळापर्यंत सगळं आहे, म्हणजे जडजवाहिराच्या हिशेबाने अर्धं आमच्या कामाचं नाही. पण दुरुस्तीची कार्यशाळा काचेतून दिसते. एक बाई भिंग डोळ्याला लावून, मनगट टेबलाला टेकवून, चिमट्याने एक चक्र धरून बसली होती. आम्ही बघत होतो तेवढ्या वेळात तिने ते चक्र तीनदा ठेवलं आणि तीनदा उचललं.

गावाचा सगळ्यात प्रसिद्ध मुलगा म्हणजे ल कॉर्बुझिए. चंदीगड ज्याने आखलं तो. त्याचे वडील घड्याळाच्या तबकड्यांवर मिना चढवत, आणि तो स्वतः इथल्या कलाशाळेत घड्याळाच्या डबीवर कोरीवकाम शिकायला दाखल झाला होता. डोळे अधू, म्हणून ते काम त्याला झेपण्यासारखं नव्हतं. शिक्षकांनी घरबांधणीकडे वळवलं. हिऱ्या-मोत्यांच्या नक्षीत वाढलेला हा मुलगा पुढे काँक्रीट उघडं ठेवायला लागला. याला बंड म्हणायचं की बापाच्या धंद्याचा कंटाळा, देव जाणे.

रविवार : नूशातेल

आजची तारीख मी आधीच धरून ठेवली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी नूशातेलच्या कला आणि इतिहास संग्रहालयात जाके-द्रो पितापुत्रांच्या बाहुल्या चालवून दाखवतात, दुपारी दोन, तीन आणि चार वाजता.

प्येर जाके-द्रो हा ला शो-द-फाँचा. 1758 मध्ये तो आपली घड्याळं गाडीत घालून माद्रिदला स्पेनच्या राजाकडे गेला आणि भरपूर पैसे घेऊन परतला. त्या पैशांवर, मुलगा आंरी-लुई आणि जाँ-फ्रेदेरिक लेशो यांच्या मदतीने, 1768 ते 1774 या काळात तीन बाहुल्या घडल्या : लेखक, चित्रकार आणि वादक. त्या विकण्यासाठी नव्हत्या. गावोगाव, दरबारोदरबारी दाखवायच्या, लोक थक्क झाले की घड्याळं आणि गाणारे पक्षी विकायचे. जाहिरातच म्हणायची. पुढे त्या हातोहात फिरत बर्लिनच्या एका संग्राहकाकडे पोहोचल्या आणि 1906 मध्ये 75,000 सुवर्ण फ्रँक मोजून इथे परत आणल्या.

लहानसं प्रेक्षागृह, पुढच्या रांगेत मुलं. लेखक म्हणजे अनवाणी पायांचा तीनेक वर्षांचा वाटावा असा मुलगा, तिपाईवर बसलेला, हातात हंसाचं पीस. कळ दाबली. पीस दौतीत बुडवलं, दोनदा झटकलं, कागदावर टेकवलं. डोळे अक्षरामागे फिरत होते. ओळ संपली की हात मागे नेऊन पुढच्या ओळीवर येई. अक्षरं गोलसर, नीट. मग प्रात्यक्षिक करणाऱ्याने त्याची पाठ उघडली. आत पातळ चकत्यांची उभी चळत, प्रत्येकीची कड निराळी कापलेली. चळत वर-खाली सरकते आणि ज्या चकत्या पुढे येतात त्यांच्या कडेवरून हाताला आडवं, उभं आणि दाबाचं वळण मिळतं. खाली एक चक्र, त्यावरच्या खिट्ट्या बदलल्या की मजकूर बदलतो, चाळीस अक्षरांपर्यंत काहीही. साधारण सहा हजार तुकडे, आणि हे सगळं मुलाच्या पाठीत मावलेलं. मी ज्या कामावर पोट भरतो, संगणकाला आज्ञा लिहिण्याच्या, त्याची ही अडीचशे वर्षांपूर्वीची लाकडी-पितळी आवृत्ती.

चित्रकार मधेच कागदावर फुंकर मारतो, शिशाची भुकटी उडवायला. मुलं खिदळली. वादक मुलगी खरोखर बोटांनी पट्ट्या दाबते, सूर तिच्या वाद्यातून येतात, आणि वाजवून झाल्यावरही तिची छाती श्वासाने हलत राहते. वहिनी हळूच म्हणाल्या, "हिच्या अंगावर एक दागिना नाही बघा." खरंच नव्हता. राजांना थक्क करण्यासाठी केलेल्या वस्तूवर एकही खडा नाही!

खडे विकायच्या मालावर. याच मंडळींनी गाणाऱ्या पक्ष्यांच्या डब्या केल्या : झाकण उघडलं की नखाएवढा पिसांचा पक्षी उठतो, चोच हलवत गातो आणि झपकन आडवा होऊन मिटतो. आधी अशा यंत्रांत निरनिराळ्या सुरांच्या नळ्यांची रांग लागे. मग एकाच शिट्टीत मागेपुढे सरकणारा दट्ट्या घालायची युक्ती निघाली, सूर हवा तसा चढू-उतरू लागला, आणि यंत्र तपकिरीच्या डबीत मावेल इतकं लहान झालं. लंडनचा व्यापारी जेम्स कॉक्स असा माल चीनला पाठवी. चियेनलुंग बादशहाला घड्याळांचा नाद होता आणि कँटनचे अधिकारी तो पुरवून त्याची मर्जी राखत.

ब्रेगे हा घड्याळजीही नूशातेलचा, 1747 चा जन्म, नाव मात्र पॅरिसला झालं. मारी आंत्वानेतसाठी 1783 मध्ये त्याच्याकडे मागणी आलेलं घड्याळ 1827 मध्ये पुरं झालं. तोवर राणीचा शिरच्छेद होऊन 34 वर्षं उलटली होती आणि ब्रेगे जाऊन चार. जेरुसलेमच्या संग्रहालयातून ते 1983 मध्ये चोरीला गेलं आणि वीस-पंचवीस वर्षांनी सापडलं, शाबूत. चोराने सोनं आटवलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

सोमवार

संग्रहालयं बंद. पाऊस. वहिनींनी खोलीतल्या किटलीवर मॅगी केली. लिहिण्यासारखं काही नाही.

मंगळवार : ल लोक्ल

ला शो-द-फाँहून गाडीने दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. गावात दानिएल झाँरिशारचा पुतळा आहे. एका घोड्यांच्या व्यापाऱ्याचं बंद पडलेलं इंग्रजी घड्याळ या पोराने उघडून दुरुस्त केलं आणि मग त्याचं बघून स्वतः एक घडवलं, अशी दंतकथा आहे. खरं असो-नसो, या डोंगरातल्या शेतकऱ्यांना बर्फाच्या महिन्यांत हाताला काम हवं होतं हे खरं. फेवर लुबासुद्धा याच गावचं. 1737 पासून त्यांचं नाव इथे सापडतं आणि 1865 मध्ये त्यांनी थेट मुंबईला बस्तान बांधलं. आमच्या आजोबांच्या पिढीत लग्नात जावयाला फेवर लुबा दिलं म्हणजे मान राखला.

शातो दे माँ ही गावावरच्या टेकडीवरची, अठराव्या शतकातल्या एका घड्याळ व्यापाऱ्याची हवेली. आज तिथे संग्रहालय आहे. चढ चांगला आहे, दम लागतो. मोरिस सांदोझ याने जमवलेल्या यांत्रिक वस्तू इथे आहेत, आणि मला बघायची होती ती अळी.

आंरी मायार्दे या कारागिराच्या नावावर मानली जाणारी ही सोन्याची अळी साधारण 1820 ची. अंग लाल मिन्याचं, त्यावर मोत्यांच्या ओळी, माणिक, पिरोजे, पाचू, हिरे. चीनच्या बाजारासाठी, म्हणजे रेशमाच्या किड्याची आठवण. चावी दिली की ती सरपटते, खाली लपवलेली चाकं आणि आतली भुजा मिळून अंगाला लाट देतात, पाठ वर-खाली होते. काचेतली अर्थातच स्थिर होती. मी मिन्याकडे बघत होतो, वहिनी सांध्यांकडे.

"अंग अखंड नाही, कडी-कडीचं आहे," त्या म्हणाल्या. "पाठ वाकते म्हणजे सांध्यावर खडा बसवताच येणार नाही, सैल होऊन पडेल. म्हणून प्रत्येक कडी वेगळी जडवली आणि मग ओवली. आणि बघा, कडीच्या कडेला मोती ठेवलेत, मधे खडे. शेजारच्या कडीला घासलंच तर मोत्याची सोन्याची कड घासेल, हिऱ्यानं मिना ओरखडला जाणार नाही." माझ्या मिन्याची काळजी जडणाऱ्याने घेतली होती तर. हे मी मोठ्याने बोललो नाही.

वहिनींनी तिकिटाच्या पाठीवर दोन कड्यांचा आडवा छेद काढला, मोती आणि खडे टिंबांनी दाखवले आणि भावाला गुजरीत पाठवून दिला. उतरून स्टेशनात येईपर्यंत त्याचं उत्तर आलं : "कडीला वेगळी जडण म्हणजे मजुरी चौपट. असलं काम सांगणारं गिऱ्हाईक कोण?"

चीनचा बादशहा, असं मी लिहायला सांगितलं. त्यावर त्याने विचारलं, "रोख की उधार?"